विंचवाची गाडी आणि अप्पांची गिरणी

परवा ऑफिसमधल्या एका पोरानं विचारलं, "गाडीला एक्झॉस्ट करून घ्यायचाय. तुम्ही केला होता ना? कुठून केला, किती खर्च आला?" खर्चाचं उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं. पण तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, "आधी घरात कुणाला कमी ऐकू येतं का ते बघ." पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं. त्याला उभ्या उभ्या जे सांगता आलं नाही, ते इथे लिहून टाकतो.

आमचं गाव धर्माबाद. नांदेड जिल्ह्याचं पार शेवटचं टोक. सिकंदराबाद-मनमाड लाइनीवर आमच्यानंतर बासर, म्हणजे तेलंगण सुरू. पुढे गोदावरीचा पूल ओलांडला की निजामाबाद. बाजारात निम्मे व्यवहार तेलुगूत होतात. बाभळीच्या बंधाऱ्यामुळे गावाचं नाव अधूनमधून पेपरात येतं, पण आमची खरी ओळख म्हणजे लाल मिरची. हंगामात स्टेशनवर उतरलं की पाहुण्याला आधी ठसका लागतो आणि मग गाव दिसतं. आम्हाला काही होत नाही. सवय.

अप्पांची म्हणजे माझ्या वडिलांची गिरणी होती. एका बाजूला पिठाची चक्की, दुसऱ्या बाजूला मिरची-मसाल्याचा डंका. डंका ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडी मुसळं वरून उखळात आपटत राहतात, धडाड धडाड, दिवसभर. आत उभं राहून बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. अप्पा तिथे पस्तीस वर्षं उभे होते. नाकाला उपरणं बांधायचे, कारण मिरचीची भुकटी. कानाला काही बांधावं हे कुणाच्या डोक्यात कधी आलंच नाही.

वीज बेभरवशाची, त्यामुळे सुरुवातीला सगळं डिझेल इंजिनावर चालायचं. लिस्टर पद्धतीचं, राजकोटचं, एका सिलिंडरचं, मोठाली चाकं असलेलं काळं धूड. मिनिटाला साडेसहाशे फेरे आणि दर दोन फेऱ्यांमागे एक धक्का, म्हणजे मिनिटाला सव्वातीनशे ठोके. त्याचं धुराडं भिंतीतून बाहेर काढलेलं होतं आणि त्या नळीच्या तोंडावर अप्पांनी पितळेचा एक जुना ग्लास तळ कापून बसवला होता. त्यामुळे नुसतं भक् भक् न होता "कुक्... कुक्... कुक्..." असा आवाज निघायचा. तो पार शिवारात ऐकू जायचा. कुक् कुक् सुरू झालं की बाया डोक्यावर डबे घेऊन निघायच्या. गिरणी चालू आहे हे सांगायला अप्पांना पाटी लावावी लागली नाही. प्रत्येक गिरणीचा सूर वेगळा. "ही आपली नाही, पलीकडची," असं आजी अंगणात बसून सांगायची.

हे सगळं मला आठवलं ते फार उशिरा. नाहीतर मी स्वतःला आमच्या घरातला पहिला एक्झॉस्टवाला समजत होतो.

शिकून मी हैदराबादला नोकरीला लागलो. गिरणी तू बघ असं अप्पा दोन-तीनदा म्हणाले, मी नाही म्हटलं. २०१६ ला त्यांनी गिरणी बंद केली. त्यानंतर आमचं फोनवरचं बोलणं कमी होत गेलं. मी काही सांगायला लागलो की "हं... हं... बरं. ठेवतो." आणि फोन आईकडे. मी मनाशी धरलं की अप्पांनी राग धरलाय. विचारलं मात्र नाही. आपल्याकडे बापाला असलं विचारत नाहीत. चालायचंच.

२०१९ मध्ये पुण्याहून एक सेकंडहँड अबार्थ पुंटो घेतली. गाड्यांचं वेड नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. फियाटने ही गाडी २०१५ मध्ये भारतात आणली, पुण्याजवळच्या रांजणगावात बनायची. दिसायला साधी हॅचबॅक, पण आत १.४ लिटरचं टर्बो इंजिन आणि १४५ हॉर्सपॉवर. शून्यापासून ताशी शंभरपर्यंत नऊ सेकंदांच्या आत. फार खपली नाही, लवकरच बंद झाली. पण ज्यांच्याकडे आहे ते तिला सोडत नाहीत. गाडीच्या नाकावर बिल्ला आहे विंचवाचा. कार्लो अबार्थ हा १९०८ साली व्हिएन्नात जन्मलेला माणूस, त्याची रास वृश्चिक, म्हणून विंचू. आणि या माणसाची कंपनी १९४९ साली सुरू झाल्यावर पुढे नावारूपाला आली ती कशावर? तर सायलेन्सरवर! साध्या फियाट गाड्यांना लावायचे एक्झॉस्ट विकून त्याने आपल्या शर्यतींचा खर्च काढला. मग मी विंचवाची गाडी घेऊन एक्झॉस्ट तसाच ठेवला असता तर ते बरं दिसलं असतं का? (असं मी तेव्हा बायकोला सांगितलं होतं. तिला पटलं नव्हतं.)

हैदराबादला एक फॅब्रिकेटर शोधला. गाडी लिफ्टवर घेतली, मूळचा सायलेन्सर उतरवला आणि अडीच इंची स्टेनलेस स्टीलचा पाइप वाकवून, टिग वेल्डिंग करून मागेपर्यंत नवी लाइन बनवली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पण काढून टाकू म्हणत होता, मी नको म्हटलं. तेवढी अक्कल शाबूत होती. पहिल्यांदा स्टार्टर मारला तेव्हा समोरच्या टपरीवरचा चहावाला हातातलं गाळणं घेऊन बाहेर आला. मला वाटलं, पैसे वसूल.

खरं सांगायचं तर ताकद फारशी वाढत नाही. टर्बो गाडीत मागचा दाब कमी झाल्याचा थोडा फायदा होतो, पण नुसता मागचा पाइप बदलून जे वाढतं ते कानाला जास्त आणि चाकांना कमी कळतं. शिवाय एक नवीन दुखणं मागे लागलं. टॅकोमीटर तीन हजारांवर आला की गाडीच्या आत घुंग्ग्ग असा एक घुमारा सुरू व्हायचा आणि डोकं उठायचं. त्याचंही गणित आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन धक्के, तीन हजार फेऱ्यांना मिनिटाला सहा हजार, म्हणजे सेकंदाला शंभर. बरोबर त्याच सुरात गाडीचा पत्रा आणि आतली हवा घुमायला लागते. त्यावर उपाय म्हणजे एका टोकाला बंद असलेली एक आंधळी नळी मुख्य पाइपला जोडायची, लांबी त्या लहरीच्या पाव हिश्श्याएवढी. गरम धुरात आवाज सेकंदाला पावणेपाचशे मीटरच्या आसपास पळतो, त्या हिशोबाने साधारण चार फूट. नळीत शिरलेला आवाज परत येताना नेमका उलटा होऊन येतो आणि मूळ आवाजाला खाऊन टाकतो. ती नळी लावली, घुमारा निम्म्याहून कमी झाला. बाहेरचा आवाज अर्थातच तसाच राहिला.

दिवाळीला गाडी घेऊन गावी निघालो. पोचायला रात्रीचे साडेअकरा झाले. गल्लीत शिरताना जेवढा हळू पाय ठेवता येईल तेवढा ठेवला, तरी तीन घरांचे दिवे लागले आणि शेजारचं तान्हं रडायला लागलं. फाटक उघडायला आई येईल म्हणून थांबलो, तर अप्पा आले. लुंगी सावरत, घाईघाईने. बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "तू आलास ते कळालं."

मला तो टोमणा वाटला. आधीच गल्ली जागी झालेली, त्यात हे. मी काही न बोलता बॅग घेऊन आत गेलो.

सकाळी शेजारचे काका आले. आमच्याकडे भांडायला कुणी सरळ येत नाही, चहाला येतात. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "लेकरू रातभर झोपलं नाही बघ." बस्स, तेवढंच. मान खाली घातली. अप्पा मात्र गाडीभोवती फिरत होते. "हे विंचू कामून लावलास गाडीला?" मी कार्लो अबार्थची गोष्ट सांगितली. त्यांनी "हं हं" केलं आणि म्हणाले, "नाथांच्या भारुडात हाय की विंचू. मोठा वाईट." एवढं बोलून आत गेले. मला वाटलं, हा दुसरा टोमणा. परतताना ठरवलं, आता इथे गाडी आणायची नाही.

२०२० च्या जानेवारीत आमच्या ओळखीच्या गाडीवेड्यांनी मिळून चेन्नईजवळ ट्रॅक डे ठरवला. श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ पासूनचा. हा ट्रॅक व्हायच्या आधी त्यांच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर व्हायच्या. आताचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, १९९० चा. हैदराबादहून सव्वासहाशे-साडेसहाशे किलोमीटर गाडी चालवत गेलो. आपल्याकडे तुळजापूरला जातात तसं हे.

तिथे गेल्यावर पहिल्यांदा गाडी तपासतात. बॅटरी घट्ट आहे का, तेल गळतं का, आत काही सुटं पडलंय का. मी सीटखाली आईने दिलेली लोणच्याची बरणी विसरलो होतो, ती काढायला लावली. मग झेंडे समजावतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सगळं थांबवा, पिटमध्ये या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. हेल्मेट घातलं, बेल्ट आवळला आणि निघालो.

रस्त्यावर मी स्वतःला चांगला ड्रायव्हर समजायचो. पहिल्या तीन फेऱ्यांत ते उतरलं. ताशी दीडशेने सरळ रेषेत जाणं कुणालाही जमतं. पुढे वळण आहे आणि गाडी थांबवायची आहे, हे सुचायला लागलं की खरी परीक्षा. वेग दुप्पट झाला की ब्रेकांनी शोषायची ऊर्जा चौपट होते, हे शाळेत शिकलोय आपण सगळेच. पण बाराशे किलोची गाडी ताशी दीडशेवरून थांबवताना जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात तीन लिटर पाणी उकळीला येईल, हे पायाला तिथे कळतं. आणि हे एकदा नाही, प्रत्येक फेरीत, अनेक वळणांवर. पाचव्या फेरीला पेडल मऊ लागायला लागलं, जळका वास आला. हळू फेरी मारून आत ये, गाडी लावल्यावर हँडब्रेक ओढू नकोस, तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून बसतील, असं शिकवणाऱ्याने आधीच बजावलं होतं.

तो शिकवणारा माणूस पन्नाशीचा, तमिळ, कमी बोलणारा. दोन फेऱ्या माझ्या शेजारी बसला आणि खाली उतरून इंग्रजीत म्हणाला, तुला टायर ऐकू येत नाहीत. मला कळेना. मग त्याने स्वतःच्या गाडीत बसवलं. साधी, मूळच्या सायलेन्सरची जुनी गाडी. वळणात शिरताना टायरमधून आधी बारीक कुजबुज आली, मग गुणगुण, मग किंचाळणं. त्याने बोट वर करून दाखवलं, गुणगुण असते तिथपर्यंत पकड शिल्लक, किंचाळलं म्हणजे तू उशीर केलास. टायर आधी बोलतो, मग सुटतो. "तुझ्या गाडीत तुझा पाइप एवढा ओरडतो की टायर काय सांगतो ते तुला पोचतच नाही." मी हौसेने पैसे खर्चून स्वतःलाच बहिरं करून घेतलं होतं म्हणायचं.

मग दिवसभर वेग कमी ठेवला आणि कान उघडे ठेवायचा प्रयत्न केला. शेवटी शेवटी एका वळणात टायरची गुणगुण पहिल्यांदा ऐकू आली. तो आनंद मला सांगता येणार नाही.

परतीच्या वाटेवर, बहुतेक ओंगोलच्या पुढे, आईचा फोन आला. स्पीकरवर टाकला. मागे आमच्या घरचा टीव्ही इतका मोठा चालला होता की आईचं बोलणं कळेना. "टीव्ही कमी करायला सांग ना अप्पांना." आई म्हणाली, "अरे कमी केला की त्यांना कळत नाही. काल दुकानात माणूस सात म्हणाला तर यांनी आठ किलो मोजून घेतले. वय झालं, दुसरं काय."

ती सहज बोलून गेली. मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. "तू आलास ते कळालं." अप्पा फाटकापर्यंत आपणहून आले होते. त्याआधी किती वर्षं मी रात्री यायचो, हॉर्न वाजवायचो, फाटक वाजवायचो, आणि दर वेळी आईच यायची. त्या रात्री त्यांना माझ्या गाडीचा आवाज आला होता. तेवढंच सांगत होते ते. आणि फोनवरचं "हं हं, बरं, ठेवतो" हा राग नव्हता. पोरगा काय म्हणतोय हे कळत नाही, आणि तसं सांगायची लाज वाटते, एवढंच होतं ते. चार वर्षं मी त्याला राग समजून बसलो होतो.

पुढच्याच आठवड्यात त्यांना नांदेडला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. अप्पा तयार नव्हते. "मला ऐकू येतंय की सगळं." एका अर्थी खरंच होतं. डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. खालचे, जाड सूर जवळजवळ शाबूत. रेघ पुढे गेली की चार हजार हर्ट्झपाशी खड्ड्यात कोसळलेली. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात राहिलेल्या कानाची हीच खूण, म्हणाले. स्वर जाड असतात, ते ऐकू येतात. स, श, च, ट, फ यांचा बारीक फसफसाट असतो तोच नेमका जातो. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. सातचा स गेला की आत उरतं, त्याचं आठ होतं. आणि गाडीच्या जाड पाइपचा आवाज गल्लीच्या तोंडापासून पोचतो.

आतल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात त्या परत येत नाहीत. पंच्याऐंशी डेसिबलच्या वर रोज आठ तास म्हणजे कानाला धोका, आणि वर प्रत्येक तीन डेसिबलमागे ती वेळ निम्मी होत जाते. डंक्याजवळ कुणी कधी मोजलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, काय काम करत होता? अप्पा म्हणाले, "गिरणी." आणि मग माझ्याकडे बघून हसले. पकडले गेल्यासारखे.

कानाचं मशीन घेतलं. पहिले पंधरा दिवस शिव्या घातल्या, कारण भांड्यांचा आवाज कानात घुसतो. मग सवय झाली.

मी मूळचा सायलेन्सर परत बसवला. कायद्याच्या दृष्टीनेही ते बरंच झालं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. पण खरं सांगतो, कलमापेक्षा शेजारच्या काकांचा तो चहा जास्त लागला होता. अडीच इंची पाइप फक्त ट्रॅकवर जाताना लावतो, तेसुद्धा वर्षाकाठी एकदा जमलं तर. रस्त्यावर आता मी एकदम शहाण्यासारखा चालवतो. बिनलाइटच्या उसाच्या ट्रॉल्या आणि मधेच बसलेल्या म्हशी असताना ब्रेक कुठे लागतो हे एकदा कळलं की आपोआप पाय हलका होतो.

बाकीचे दिवस तो पाइप बंद गिरणीत भिंतीला टांगलेला असतो. टांगायला गेलो तेव्हा खुंटीवर आधीच काहीतरी होतं. झटकलं तर तळ कापलेला पितळी ग्लास, आतून काळाकुट्ट. अप्पांनी हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला. म्हणाले, "चार-पाच ग्लास वाया घालवले तवा हा सूर लागला. तुझ्या आजीने लै बोलून घेतलं मला." मग माझ्या पाइपाच्या वेल्डिंगवरून बोट फिरवून, "किती घेतले रे ह्याचे?" आकडा सांगितला. मशीन कानात होतं, नीट ऐकू गेलं. बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता फोन लांबतो. कधी कधी इतका लांबतो की मलाच "बरं, ठेवतो" म्हणावं लागतं. मिरचीचा भाव, बाभळीचं पाणी, शेजारचं तान्हं आता शाळेत जातं, सगळं सांगतात. फाटकापर्यंत मात्र अप्पा आता येत नाहीत, कारण रात्री मशीन काढून झोपतात आणि माझी गाडी गुपचूप येते. आईच येते.

त्या पोराने एक्झॉस्ट लावला की नाही ते विचारलं नाही अजून. असो.